‘वस्तुमान-त्रुटी’ म्हणावं की ‘वस्तुमान-तूट’?

रामबाग, इंदूर :
अस्थिर अणुकेंद्रांवरच्या एका टिपणात ‘मास डिफेक्ट’साठी ‘वस्तुमान-त्रुटी’ असा शब्द आहे. इथली बहुतेक मुलं हिंदीतून शिकलेली. त्यांच्या पुस्तकात ‘द्रव्यमान क्षति’ असतं आणि ‘त्रुटि’ म्हणजे मोजण्यातली चूक, त्यामुळे वाक्याचा अर्थच फिरतो. कोणता शब्द धरावा?

राजेंद्रनगर :
‘तूट’ धरा. जमाखर्चात येते तशीच ही तूट. वस्तुमान ऊर्जेच्या एककात, मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मांडलं तर प्रोटॉन 938.272, न्यूट्रॉन 939.565, बेरीज 1877.837. दोघांचा मिळून झालेला ड्यूटेरॉन मात्र 1875.613 भरतो. तूट 2.224 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, तीच बंधनऊर्जा. ती आत साठून राहिलेली नसते. जोडणी होतानाच गॅमा किरण होऊन निघून गेलेली असते. तेवढी परत भरल्याशिवाय जोडी फुटत नाही.

हिशेब करताना एक सांभाळा. वस्तुमानांच्या कोष्टकात अख्ख्या अणूचं वस्तुमान असतं, इलेक्ट्रॉनांसकट. म्हणून प्रोटॉनच्या जागी हायड्रोजन अणू घ्यायचा. नाहीतर दर इलेक्ट्रॉनमागे 0.511 चा फरक पडतो आणि वरची तूट 2.224 ऐवजी 1.713 येते.

लोकमान्यनगर :
‘तूट’ला माझंही मत. मोजणीच्या कामात तूट आणि त्रुटी एकाच वाक्यात येतात, तिथे दोन शब्द हवेतच. लिथियम-11 घ्या, 3 प्रोटॉन आणि 8 न्यूट्रॉनांचं. त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन मिळून जेमतेम 0.369 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टने धरलेले आहेत. नेहमीच्या स्थिर अणुकेंद्रात एकेक न्यूट्रॉन काढायलाच 8 च्या आसपास लागतात. अर्धायुकाल, म्हणजे निम्मी अणुकेंद्रं उरायला लागणारा वेळ, 8.75 मिलिसेकंद. एवढ्या अवधीत त्याचं वस्तुमान कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत पेनिंग सापळ्यात, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी आयन अडकवून ठेवणाऱ्या उपकरणात मोजलं, 2008 मध्ये.

सापळ्यात वजन होत नाही, फेऱ्या मोजतात. 7 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात वस्तुमानांक 100 चा एकपट प्रभाराचा आयन सेकंदाला सुमारे 10.75 लाख फेऱ्या मारतो. जड आयन सावकाश फिरतो. चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकतं, म्हणून वस्तुमान पक्कं ठाऊक असलेला आयन आधी आणि नंतर फिरवून बघतात. त्याच अणुकेंद्राची उत्तेजित पण टिकाऊ अवस्था सापळ्यात शिरली, तर वस्तुमान जास्त दिसतं आणि तूट कमी. ही खरी त्रुटी.

रामबाग :
पटलं. आणि अणुकेंद्राच्या ‘डिके’ला ‘क्षय’ की ‘ऱ्हास’? क्षय म्हटलं की आधी टीबी आठवतो.

लोकमान्यनगर :
तरी क्षयच. पंचांगातली क्षयतिथी बघा. ती झिजत नाही, गणतीतून जाते. ऱ्हास हळूहळू होतो. अणुकेंद्र झिजत नाही, एका क्षणी पालटतं. घटते ती संख्या. लिथियम-11 ची 1000 असली तर 8.75 मिलिसेकंदांनी साधारण 500 उरतात, 17.5 नी 250. ‘दोन अर्धायुकालांत सगळं संपतं’ असं मुलं हमखास लिहितात, तिथे हा आकडा दाखवा. सरासरी आयुष्य वेगळं, ते 12.6 मिलिसेकंद.

राजेंद्रनगर :
अशा अणुकेंद्रांना इंग्रजीत ‘एक्झॉटिक’ म्हणतात, म्हणून ‘परदेशी’ किंवा ‘विचित्र’ मात्र म्हणू नका, ‘काठावरची’ म्हणा. न्यूट्रॉन वाढवत गेलं की एक काठ येतो, त्यापुढचा न्यूट्रॉन चिकटतच नाही. लिथियम-10 बांधलेलं राहत नाही, 11 राहतं. त्याच्या शेवटच्या दोनपैकी एक न्यूट्रॉन काढला की दुसराही सुटतो. त्या काठाला, इंग्रजीतल्या ‘ड्रिप लाइन’ला, ‘गळतीरेषा’ हा शब्द मला जवळचा वाटतो. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी ओतलं की ओघळून जातं, तसंच ते.