‘फिकट निळसर तारा’: यातलं फिकट काय?

आकाशदर्शनाच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय. लिहिलं, ‘अरुंधती हा मुख्य क्रमावरचा फिकट निळसर-पांढरा तारा आहे.’ बायकोने वाचून विचारलं, ‘फिकट काय, रंग की तारा?’ अडलो. शब्द सुचवा.

उत्तर
वहिनींचा प्रश्न रास्त आहे. रंगाच्या आधी ‘फिकट’ आला की तो रंगालाच चिकटतो, फिकट निळी साडी म्हणतो तसा. ‘मंद’ म्हणावं तर हळू चालणारा असाही अर्थ निघतो. ज्योतिषात मंद म्हणजे शनीच. ‘अंधुक’ घ्या.

आणखी एक
अंधुक नको हो. चष्मा घरी विसरला की दिसतं ते अंधुक. अरुंधती बारीक दिसते, पण टिपक्यासारखी स्वच्छ दिसते. त्यापेक्षा आपला ‘प्रत’ शब्द वापरा: ‘चौथ्या प्रतीचा तारा’. तांदळासारखंच, पहिली प्रत वरची, चौथी खालची. पाच प्रतींचं अंतर म्हणजे तेजात शंभर पट फरक. शेजारचा वसिष्ठ साधारण दुसऱ्या प्रतीचा, म्हणून आधी तो दाखवायचा आणि मग त्याच्या कडेची अरुंधती. स्थूलारुंधती न्याय तो हाच.

आणि प्रत ही आपल्या डोळ्यांपुरती, हेही एका वाक्यात सांगा. अरुंधती सूर्याच्या सुमारे चौदा पट प्रकाश टाकते, पण ८० प्रकाशवर्षांहून लांब आहे. अभिजितही मुख्य क्रमावरचाच, तो २५ वर आहे म्हणून झगमगतो.

रंगाचं म्हणाल तर ‘निळसर’ काढलात तरी चालेल. पृष्ठभागाचं तापमान ८,००० केल्विनच्या आसपास (सूर्याचं सुमारे ५,८००), म्हणून ताऱ्यांच्या तापमानावरून पाडलेल्या वर्गांपैकी वर्ग ए. या वर्गाला पांढराच म्हणतात. निळसर झाक त्याहून तापलेल्या बी वर्गाकडे जास्त.

मूळ प्रश्नकर्ता
प्रत पटली. मग ‘मुख्य क्रमावरचा पांढरा बटू’ म्हणू का? इंग्रजीत अशा ताऱ्यांना ड्वार्फ म्हणतात ना?

उत्तर
अजिबात नको! श्वेतबटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, जेमतेम पृथ्वीएवढा. अरुंधतीच्या पोटात अजून हायड्रोजनचं हेलियम होतंय, आणि वस्तुमान सूर्याच्या पावणेदोन पटींहून जास्त. बटू म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर मुंजीतला लंगोटीवाला येतो, तो भाग वेगळाच.

मला खुपतो तो ‘क्रम’. वाचणाऱ्याला वाटतं, तारे रांगेने पुढे सरकतात. खरं तर तापमान आणि तेज यांच्या आलेखावरचा तो पट्टा आहे. तारा तिथे आयुष्यातला बहुतेक काळ जवळपास एकाच जागी काढतो. ‘मुख्य पट्टा’ म्हणायलाही सोय नाही, लघुग्रहांनी तो आधीच पटकावलाय. तेव्हा ‘क्रम’ ठेवा आणि पुढे दोन ओळी समजावून लिहा.

मूळ प्रश्नकर्ता
असं केलं: ‘अरुंधती हा मुख्य क्रमावरचा, चौथ्या प्रतीचा पांढरा तारा.’ बायको म्हणाली, ठीक आहे, पण आपल्या लग्नात गुरुजींनी हॉलच्या छताकडे बोट दाखवलं आणि तू ‘दिसली’ म्हणालास, ती कितव्या प्रतीची होती?