व्हॅरम पर्सीचं चर्च: गाव उठलं, चर्च उरलं

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावाबद्दल आणि तिथल्या सेंट मार्टिन चर्चबद्दल 'प्लेगने गाव संपलं आणि चर्च बंद पडलं', असं म्हटलं जातं. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. 1348-49च्या साथीत माणसं गेली, पण गाव तगलं. ते उठलं 1500च्या सुमारास, मेंढ्यांसाठी. लोकरीत पैसा होता, म्हणून जमीनदाराने उरलेली कुटुंबं हुसकावली. मला हा भाग प्लेगपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

चर्च मात्र पुढे चारशेहून अधिक वर्षं चाललं, कारण थिक्सेंडेलसारखी आसपासची गावं त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे या चर्चच्या हद्दीत, होती. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळ्यासाठी लोक टेकड्या ओलांडून इथे येत. 1870च्या सुमारास थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि खरी ओहोटी तेव्हा लागली. शेवटची प्रार्थना 1949 साली झाली, आणि 1959मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला.

भिंती नीट पाहा. लोकसंख्या वाढली तेव्हा बाजूला दालनं जोडली, घटली तेव्हा ती पाडून कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही स्पष्ट दिसतात.

इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली इथे 1990पर्यंत चाळीस वर्षं उत्खनन चाललं. चर्च आणि दफनभूमीतून जवळपास 700 सांगाडे मिळाले. मुलांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीतून आया साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत होत्या, हेही कळलं. ज्यांची कुठे नोंदही नाही, त्या बायकांबद्दल एवढं कळणं मला फार मोलाचं वाटतं.