बेसिनखालचं कॅबिनेट बदलतोय, नवीन भिंतीला टेकत नाहीये. लवकर सांगा!

घाईत_आहे:
जुनं कॅबिनेट काढून झालं. नवीन जागेवर ठेवलं तर मागे २ इंच फट राहते, त्यामुळे बेसिन पुढे येतंय. ही फट सिलिकॉनने भरली तर चालेल का? ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलंय त्यांनीच सांगा. "प्लंबर बोलवा" हे मलाही सुचलं होतं.

ओळंबा:
२ इंच सिलिकॉन भरत नाहीत हो, ते सांध्यासाठी असतं, खड्ड्यासाठी नाही. आधी मागे काय अडतंय ते बघा. वेस्ट पाइप भिंतीतून येतो की जमिनीतून? कॅबिनेट पायांवर आहे की टांगायचं? आणि जुन्या-नव्याची रुंदी, उंची, खोली किती?

घाईत_आहे:
पायांवर. पाइप भिंतीतून. रुंदी दोन्हीची २४ इंच, मुद्दाम मोजून आणलंय. उंचीही तेवढीच. खोली ५ बाय ७ फूट. फोटो चढत नाहीये.

रिकामी_जागा:
मुळात बेसिनखाली कॅबिनेट हवंच कशाला? आमच्यात निघालं काय, तर तळाशी चिकटलेल्या तीन टूथपेस्टी आणि एक गंजलेला रेझर. काढून टाकलं, खांबावरचं बेसिन बसवलं. आता फरशी एका हातात पुसून होते.

घाईत_आहे:
आणून झालंय. दारात नाही, बाथरूममध्ये उभं आहे. पुढे बोला.

मरीनप्लाय:
कशाचं आहे ते लिहिलंच नाहीत. पार्टिकल बोर्ड असेल तर आत्ताच परत करा. लॅमिनेट वरून कितीही चकाचक असलं तरी पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. एकदा कड फुगली की दार लागत नाही, बिजागरीचा स्क्रू हातात येतो. मरीन प्लायला पर्याय नाही.

ओलसर_भिंत:
पर्याय नाही कसा? पीव्हीसी बोर्डाला पाणी लागलं काय, न लागलं काय.

मरीनप्लाय:
आणि त्यात स्क्रू किती वेळा काढून घालता येतो तेही सांगा की. दोनदा काढला की तिसऱ्यांदा नुसता फिरतो.

ओलसर_भिंत:
बिजागरी रोज कोण काढतं?

ओळंबा:
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा बुवा. @घाईत_आहे, नव्या कॅबिनेटला मागची फळी आहे का? जुन्याला होती का?

घाईत_आहे:
नव्याला आहे. जुन्याची आठवत नाही, तोडूनच काढलं ते. हो, मागे दोन अँगल कॉक (पाणी बंद करायचे छोटे नळ) आणि वेस्ट पाइपचं तोंड आहे, त्यांना फळी टेकतेय.

ओळंबा:
मग फट कुठली, फळीला भोकं पाडायची राहिलीत! तिन्ही तोंडांची मधोमध मोजणी करा: उभं अंतर जमिनीपासून, आडवं बाजूच्या भिंतीपासून. कॅबिनेटचा पाय उंच-खाली होत असेल तर तो आधी लेव्हलला आणा, मग मोजा, नाहीतर सगळी भोकं वर-खाली सरकतात. होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) असेल तर उत्तम, नसेल तर चारी कोपऱ्यांत ड्रिल मारून जिगसॉने चौकोन काढा. अंगठा फिरेल एवढं मोठं भोक ठेवा, उद्या कॉक बदलायचा झाला तर पाना आत जायला हवा. आणि कापलेली कड उघडी ठेवू नका, तिथे सिलिकॉनचं बोट फिरवा. मरीनप्लाय म्हणतात त्यातलं तेवढं खरं आहे.

हॅमर_मोड:
टाइल्समध्ये ड्रिल मारताना सुरुवातीला ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. फुलीवर मास्किंग टेप लावा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार झाली की मग हॅमर. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती) धरणार नाही, त्यासाठीचा वेगळा फास्टनर लागतो. टांगलेल्या कॅबिनेटवर बेसिनचं, पाण्याचं आणि टेकून उभ्या माणसाचंही वजन येतं.

घाईत_आहे:
टांगायचं नाहीये. पायांवर आहे.

हॅमर_मोड:
पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

तिसरा_मजला:
याच धाग्यावर विचारते, आरसा चिकटवायला कोणतं सिलिकॉन वापरावं? मागच्या आरशाला कडेने काळे डाग आले.

ओलसर_भिंत:
व्हिनेगरसारखा वास येणारं वापरलं असणार. त्यातल्या आम्लाने आरशाचा मागचा लेप खराब होतो. न्यूट्रल लिहिलेलं घ्या. संगमरवरालाही तेच.

घाईत_आहे:
भोकं पडली. कॅबिनेट भिंतीला टेकलं! पण आता वरचा ड्रॉवर बॉटल ट्रॅपवर (बेसिनच्या तोंडाखालची बाटलीसारखी नळी) आपटतोय, इंचभर आत जायचा राहतो. ट्रॅप काढून सरळ फ्लेक्सिबल पाइप टाकला तर? जरा लवकर सांगा, सकाळपासून घराचा मेन व्हॉल्व्ह बंद आहे.

रिकामी_जागा:
सकाळपासून?! घरात माणसं आहेत ना?

घाईत_आहे:
आहेत. बोलत नाहीयेत.

ओळंबा:
अहो, अँगल कॉक बंद करा आणि मेन सुरू करा!

घाईत_आहे:
डावा कॉक बंद करूनही टिपकतो. म्हणून तर.

ओळंबा:
हे पहिल्या ओळीत हवं होतं. त्याच्या तोंडावर एंड कॅप लावा, आत रबर वॉशर असलेली, आणि मेन सोडा. कॉक सवडीने बदला. आणि सरळ पाइप मुळीच नको. ट्रॅपमध्ये निदान ५० मिमी पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. सरळ पाइपात साठणार काय?

चटपट:
फ्लेक्सिबललाच इंग्रजी एस सारखा बाक द्यायचा, झालं. आमच्याकडे चार वर्षं आहे.

ओळंबा:
त्याच्या वळ्यांत केस आणि साबण अडकतो. चार वर्षांत उघडून बघितलाय का कधी?

चटपट:
चालतंय ते उघडायचं कशाला?

मरीनप्लाय:
ड्रॉवरच्या तळाला आणि पाठीला यू आकाराचा काप द्या. बहुतेक तयार कॅबिनेटमध्ये असतोच, तुमच्यात का नाही कोण जाणे. कापाला बाजूने पट्टी मारा, नाहीतर कंगवा थेट ट्रॅपवर पडेल. (हो, अनुभव आहे.)

ओलसर_भिंत:
पहिल्यांदाच सहमत. आणि ट्रॅप काढलाच असेल तर भिंतीतल्या पाइपच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा, झुरळं येतात. फडक्याचं शेपूट मात्र बाहेर राहू द्या. माझं एक आत गेलंय, ते अजून तिथेच कुठेतरी असावं.

चटपट:
कनेक्शन पाइपला (कॉकपासून बेसिनच्या नळापर्यंतचा) टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळा.

ओळंबा:
नको. कनेक्शन पाइपच्या नटात वॉशर असतो, पाणी तोच अडवतो. हाताने आवळा, मग पान्याने पाव फेरा. जास्त पिळलात तर वॉशर चिरतो आणि गळती तिथूनच सुरू होते. टेफ्लॉन भिंतीकडच्या आट्यांना, म्हणजे कॉक बदलाल तेव्हा. पाइप जुनेच असतील आणि वरच्या जाळीवर गंज दिसत असेल तर तेही बदला.

घाईत_आहे:
मेन सुरू केला. कॅप लावली, थेंबही नाही. यू काप मारला, थोडा वाकडा आलाय पण ड्रॉवर बसतो. बेसिन ठेवून कोरडा टिश्यू फिरवून बघितला सगळीकडे, गळत नाहीये. कडेचं सिलिकॉन उद्या.

ओळंबा:
जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर नवीन धरत नाही. आणि भरल्यावर २४ तास पाणी लागू देऊ नका.

घाईत_आहे:
बरं. एक नवीन भानगड. आत्ता बाथरूमचं दार लावायला गेलो तर ते कॅबिनेटच्या कोपऱ्यावर अडतंय. दिवसभर उघडंच होतं म्हणून कळलं नाही. जुन्याच्या वेळी अडत नव्हतं.

ओळंबा:
म्हणजे नवीन जास्त खोल आहे. म्हणून तर पहिल्याच प्रतिसादात खोली विचारली होती!

घाईत_आहे:
मग सांगितली की. ५ बाय ७.

ओळंबा:
कॅबिनेटची हो. बाथरूमची नाही.

घाईत_आहे:
जुनं १६ असेल. नवीन मोजलं आत्ता, २० आहे.

रिकामी_जागा:
खांबावरच्या बेसिनचा धागा काढू का?