मदत हवी आहे: अकराव्या आठवड्यात रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह, आता पुढे काय?

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी धागा काढते आहे. तिला अकरावा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. नेहमीच्या तपासण्यांबरोबर टॉर्च चाचणी (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) झाली आणि त्यात रुबेला (जर्मन गोवर) आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीत आधी दिसणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह आलं. आयजीजी, म्हणजे नंतर तयार होऊन टिकून राहणारी प्रतिपिंडं, तीही पॉझिटिव्ह आहेत. अंगावर पुरळ नाही, ताप नाही, कानामागे-मानेमागे गाठी नाहीत, तिच्या माहितीत कुणाला पुरळ आलेलं नाही. लहानपणी लस टोचली होती का, हे आईला नक्की आठवत नाही आणि कागद सापडत नाहीत.

डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावरून काहीही ठरवायचं नाही, रक्त पुन्हा तपासू आणि अ‍ॅव्हिडिटी करू. पण सासरी वडीलधाऱ्यांनी "आत्ताच मोकळी हो, जन्माचं दुखणं नको" असं सुचवायला सुरुवात केली आहे. ती रात्रभर जागी असते. मी वाचायला बसले तर पहिलीच गोष्ट ही सापडली, की पहिल्या १२ आठवड्यांत आईला खरोखर लागण झाली तर दहातल्या आठ-नऊ बाळांना बाधा होऊ शकते: मोतीबिंदू, हृदयाचे दोष, बहिरेपणा, डोक्याची वाढ खुंटणं. हे तिला कसं सांगू?

लक्षणं काहीच नसताना आयजीएम खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं का? अ‍ॅव्हिडिटीने नेमकं काय कळतं? आणि सोनोग्राफीत बाळ ठीक दिसलं तर निर्धास्त व्हायचं का? यातून गेलेल्या किंवा या क्षेत्रातल्या कुणी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. हो, येऊ शकतं, आणि बरेचदा येतं. लसीकरणामुळे जिथे रुबेला विरळ झाला आहे, तिथे लक्षणं नसलेल्या बाईचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर ते खोटं असण्याचीच शक्यता जास्त. पार्व्होव्हायरससारखा दुसरा संसर्ग, रक्तातला रुमॅटॉइड फॅक्टर, अशा कारणांनी चाचणी फसते. काहींच्या रक्तात जुन्या लागणीनंतर किंवा लशीनंतर आयजीएम महिनोन्‌महिने रेंगाळतं. मात्र नुसतं "पुरळ नव्हतं" यावर विसंबू नका. रुबेलाची लागण कित्येकांना कळतही नाही, म्हणून तर पुढची तपासणी.

अ‍ॅव्हिडिटी म्हणजे आयजीजी प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड. लागण ताजी असेल तर पकड सैल असते, काही महिन्यांत ती घट्ट होते. आत्ता, अकराव्या आठवड्यात, पकड घट्ट निघाली तर लागण साधारण तीन महिन्यांपूर्वीची, म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीची धरता येते. हीच चाचणी पाचव्या महिन्यात केली तर घट्ट पकडीवरून तेवढं निश्चित सांगता येणार नाही, कारण लागण पहिल्या आठवड्यांतलीही असू शकते. म्हणून उशीर करू नका. सैल निघाली तरी तोच शेवटचा शब्द नव्हे.

आणखी एक काम आजच करा. पहिल्या तपासणीच्या रक्ताचा नमुना लॅबमध्ये राखून ठेवला आहे का ते विचारा. असेल तर दोन-तीन आठवड्यांनी घेतलेला नमुना आणि तो, दोन्ही एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी तपासायला सांगा. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून "आयजीजी वाढलं" असं म्हणता येत नाही. सगळं तपासूनही लागण खरी वाटली, तर योग्य वेळी गर्भजल काढून त्यात विषाणू शोधता येतो. त्याविषयी गर्भवैद्यक तज्ज्ञांशी बोला.

प्रतिसाद २

माझी गोष्ट तुमच्या बहिणीला धीर देणारी नाही, तरी लिहिते. मला नवव्या आठवड्यात ताप आणि पुरळ दोन्ही होतं, लागण सिद्ध झाली होती. मुलगा जन्मला तो दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. जन्मानंतर आपोआप मिटायची ती हृदयाजवळची रक्तवाहिनीही उघडी राहिली होती. दोन्हींवर शस्त्रक्रिया झाल्या. रुबेला आणि जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच मांडला होता, आणि माझ्या हाती ही माहिती आली बाळंत झाल्यावर. याचा राग अजून जात नाही.

सोनोग्राफीबद्दल विचारलंत. बहिरेपणा सोनोग्राफीत दिसत नाही. रुबेलात एकट्या ऐकण्यावरच घाला पडू शकतो, विशेषतः लागण १२ आठवड्यांनंतरची असेल तर. २० आठवड्यांनंतर मात्र दोष क्वचितच दिसतात.

अशा बाळाच्या घशातून आणि लघवीतून वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, विषाणू बाहेर पडत राहतो, हेही आम्हाला उशिरा सांगितलं गेलं. भेटायला येणाऱ्या गरोदर बायकांना आधी सावध करावं लागतं.

घरच्यांना एवढंच सांगा, की निदान झाल्याशिवाय निर्णयाची वेळच आलेली नाही. आणि ती आली तर निर्णय तिचा आणि तिच्या नवऱ्याचा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. लॅबला फोन केला, पहिला नमुना आहे त्यांच्याकडे. टाकू नका म्हणून लेखी कळवलं आहे. तुमचे प्रतिसाद तिच्या नवऱ्याला वाचून दाखवले, वडीलधाऱ्यांशी आता तो बोलणार आहे. एक विचारायचं राहिलं: तिला आता लस देता येईल का?

प्रतिसाद १

गरोदरपणात नाही. ती जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. तपासणीत प्रतिकारशक्ती नाही असं निघालं तर बाळंत झाल्यावर देतात, अंगावर पाजत असली तरी चालते. त्यानंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. पण कुणी नकळत गरोदरपणात टोचून घेतली असेल, तर तेवढ्यासाठी गर्भपात करायचं कारण नाही. अशा लशीमुळे बाळाला जन्मजात रुबेला झाल्याचं आढळलेलं नाही.

धागाकर्ती

आणि मुलाच्या कानांची कोणती तपासणी केलीत? लागलीच तर माहीत असावी.

प्रतिसाद २

बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी तपासणी. जन्मल्यावर केली तेव्हा ठीक आली होती, पुढच्या तपासणीत एका कानाचं ऐकणं कमी झालेलं निघालं. रुबेलात ते नंतरही जाऊ शकतं. एकदा पास झालं म्हणून थांबू नका, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा पुन्हा करून घ्या.