भिजलेला मोडी रुमाल, चिकटलेली पानं आणि जुनं शिफॉन: काम कुठून धरावं?

दफ्तर_कोकण:
तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयाचा दफ्तरखाना आहे. मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत (हातकागद, बोरूची काळी शाई) आणि १८८० नंतरच्या नोंदवह्या (मशीनचा कागद, टाकाची निळी-काळी शाई). भिंतीत पाणी मुरून एका कपाटाचा मागचा थर भिजला. काही पानं एकमेकांना चिकटलीत, कडेला पांढुरकी बुरशी दिसते. पूर्वीच्या दुरुस्तीत काही पानांना दोन्ही बाजूंनी शिफॉन (पातळ, विरळ रेशमी कापड) लावलंय, ते पिवळं आणि ताठ झालंय.
चिकटलेली पानं सोडवायची कशी? शिफॉन काढावं की राहू द्यावं? खळीत मोरचूद घालायची जुनी रीत चालेल का? आणि विश्वस्त म्हणतात, सरळ लॅमिनेशन करून टाका. त्यांना काय सांगू? हाताशी घरगुती डीप फ्रीझर, टिपकागद, काचा आणि थोडं जपानी टिश्यू आहे.

टिपकागद:
दुरुस्ती नंतर, आधी ओल. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी पसरते, म्हणून एवढ्या मुदतीत जेवढं सुकवता येईल तेवढंच बाहेर ठेवा. उरलेले रुमाल पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाका. उणे १८ अंशांना बुरशी थांबते, पण मरत नाही आणि कागदही सुकत नाही. तो फक्त वेळ विकत घेण्याचा उपाय. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर हवेतला दमटपणा गार कागदावरच जमेल.

सुकवताना ऊन नको, हेअर ड्रायर नको. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा. पानांचे छोटे गठ्ठे टिपकागदावर ठेवा आणि टिपकागद ओला झाला की बदला. उघडण्यापूर्वी फोटो घ्या. रुमालातला क्रम बदलू देऊ नका, निघालेले तुकडे पान क्रमांकाच्या पाकिटात टाका. मोडी वाचणाऱ्याला पुढे तो क्रमच उपयोगी पडतो. बुरशी ओली असताना पुसली तर ती कागदाच्या तंतूंत घुसते आणि डाग कायमचा बसतो. ती सुकून भुकटी झाली की एन-९५ मास्क लावून, उघड्यावर, मऊ ब्रशने उतरवा.

चिकटलेल्या पानांचं म्हणाल तर बोरूच्या शाईत काजळीबरोबर डिंक असतो. पाण्याने तो मऊ होतो आणि समोरच्या पानाला धरतो. म्हणून आधी पूर्ण सुकवून, न लिहिलेल्या समासाच्या बाजूने पातळ स्पॅच्युला सरकवून पाहा. बरीचशी पानं अशीच सुटतात. सुटत नसेल तर शाई तपासा: अक्षराच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा थेंब, १०-१५ सेकंदांनी टिपकागदाचा कपटा दाबून उचला. रंग आला तर तिथे पाणी बंद. डिंक इथेनॉलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ७ भाग इथेनॉल आणि ३ भाग पाणी हे मिश्रण ब्रशने थेंबथेंब देऊन काम होतं (जवळ ज्योत नको, खिडकी उघडी हवी). मात्र तेही आधी थेंबाने तपासा. रबरी शिक्क्याची जांभळी शाई पाण्याला आणि अल्कोहोलला, दोन्हींना पसरते.

मांजरपाट:
मोरचूद नको. जुन्या खळीत कीड लागू नये म्हणून ते घालत, पण तांब्याचे अंश कागदाचं ऑक्सिडेशन वाढवतात आणि दुरुस्तीचा पट्टाच पुढे तपकिरी होऊन तुटतो. मैद्याची खळही टाळा. तिच्यातल्या ग्लुटेनमुळे ती पिवळी, कडक होते आणि कसर तिच्यावरच ताव मारते. शुद्ध गव्हाचा स्टार्च घ्या. मिळत नसेल तर मैद्याची कणीक मळून पाण्यात चोळा, खाली बसलेला पांढरा गाळ तोच. कुरडईचा चीक वापरायचा मोह होईल, पण गहू आंबवलेला असल्याने तो आम्लयुक्त असतो. पाणी बदलत पीएच पट्टी ६.५-७ दाखवेपर्यंत धुतल्याशिवाय तो घेऊ नका.

१ भाग स्टार्च, ४ भाग ऊर्ध्वपातित पाणी, तासभर भिजत ठेवा. मंद आचेवर लाकडी चमच्याने न थांबता ३०-४० मिनिटं ढवळा. आधी दुधाळ, मग घट्ट, शेवटी अर्धपारदर्शक आणि तारदार. हात थांबला की गुठळ्या होतात आणि अर्धकच्ची खळ पुढे सुटते. गार झाल्यावर नायलॉनच्या बारीक चाळणीतून दोनदा दाबून काढा. वापरताना पाणी घालून ताकाइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबट वास किंवा गुलाबी ठिपका दिसला की फेकायची.

हातकागदाच्या फाटीला चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम वजनाचं कोझो टिश्यू (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा जपानी कागद) पुरतं. अक्षरांवरून जात असेल तर ५ ग्रॅमचं. कात्री लावू नका. पट्टीच्या कडेने ओला ब्रश फिरवून टिश्यू ओढून फाडा, म्हणजे २-३ मिमी तंतू बाहेर राहतात आणि कड दिसत नाही. खळ टिश्यूला, काचेवर ठेवून, दस्ताला नाही. लावल्यावर न विणलेलं पॉलिएस्टर, टिपकागद, वर काच आणि वजन. पहिला टिपकागद १५ मिनिटांत बदला, दुसरा तासाने, मग रात्रभर. खळ जास्त झाली तर पान सुरकुततं. टिश्यू कागदापेक्षा ताकदवान असेल तर पट्टीच्या अगदी कडेला नवी फाट जाते. कसरीने खाल्लेलं प्रत्येक भोक भरत बसू नका, पान उलटताना अडकेल तेवढंच.

हिराकस:
वरचं सगळं काजळीच्या शाईसाठी बरोबर. नोंदवह्यांना ते तसंच लावू नका. निळी-काळी शाई म्हणजे हिराकस (लोहाचं सल्फेट) आणि मायफळाचं टॅनिन. तिच्यात आम्ल असतं आणि लोह सुटत राहतं. ओली खळ लावली की पाणी ते लोह अक्षराबाहेर पसरवतं, आणि काही वर्षांनी अक्षराभोवती तपकिरी कड येते. ‘मोडी म्हणजे काजळी’ हेही धरून चालू नका. इंग्रजी अमलातले मुद्रांकावरचे मोडी दस्त टाकाने लिहिलेले असू शकतात. बॅथोफेनॅन्थ्रोलिनची पट्टी किंचित ओली करून अर्धा मिनिट दाबा. गुलाबी-लाल झाली तर लोह मोकळं आहे.

अशा पानांना जिलेटिनचं टिश्यू: १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम जिलेटिन, अर्धा तास फुगू द्या, ४०-५० अंशांना विरघळवा, पॉलिएस्टर फिल्मवर पसरलेल्या ५ ग्रॅमच्या टिश्यूला ब्रशने द्या. सुकल्यावर पट्ट्या कापून ठेवा. लावताना जेमतेम ओलसर स्पंजवर क्षणभर टेकवा आणि दाबा. आम्ल घालवायला चुन्याच्या निवळीत बुडवायचा सल्ला मिळेल, पण तिच्या तीव्र अल्कलीने ही शाई तपकिरी पडते.

शिफॉनबद्दल: अजून धरून आहे, अक्षर वाचता येतं, तर हात लावू नका. स्वतःच फाटत आणि ओढत असेल, आणि शाई थेंबाच्या कसोटीला उतरली असेल, तरच एका कोपऱ्यावर कोमट पाण्याचा ओलसर टिपकागद १० मिनिटं ठेवा. खळीचं असेल तर सुटतं. वर उचलायचं नाही, कागदाला जवळजवळ समांतर मागे दुमडत न्यायचं. चकाकणारा थर असेल तर तो सेल्युलोज ॲसिटेट (प्लास्टिकची पातळ फिल्म), ॲसिटोनने चिकटवलेला. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ही हाताने करायची पद्धत रूढ झाली. तो काढायला पान ॲसिटोनमध्ये बुडवावं लागतं आणि वाफ ओढणारी सोय हवी. गावात तो खटाटोप नको.

विश्वस्तांना एवढंच: लॅमिनेशन उष्णतेने चिकटतं आणि कागदाला इजा न करता निघत नाही. हाताळणीसाठी ७५ किंवा १०० मायक्रॉनच्या पॉलिएस्टर फिल्मच्या दोन तावांमध्ये पान ठेवा. दुहेरी टेप पानापासून किमान ३ मिमी लांब, आणि कोपरे मोकळे. नोंदवहीची आम्लयुक्त पानं मात्र त्यातही कोंडू नका, बंद जागेत ती लवकर ठिसूळ होतात.

दफ्तर_कोकण:
आभार. नवे रुमाल कशाचे बांधू? आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या आहेत.

मांजरपाट:
साधं मांजरपाट, दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढलेलं, रंग किंवा नीळ न लावलेलं. नवीन कापडाची खळच किडीला बोलावते. गोळ्या काढून टाका. बुरशीवर त्यांचा उपयोग नाही, आणि उघडणाऱ्याच्या फुप्फुसाला त्रास. किडीसाठी तोच फ्रीझर, पण पूर्ण सुकलेला रुमाल बंद पिशवीत दोन आठवडे. कपाट भिंतीपासून १५ सेंमी पुढे घ्या, तळाचा कप्पा जमिनीपासून तेवढाच वर. पावसाळ्यात आर्द्रता मोजत राहा. ६५ टक्क्यांच्या वर टिकली तर खिडकी उघडून काही होणार नाही, डीह्युमिडिफायर लागेल. त्याची टाकी रोज रिकामी करायला एक माणूस आधी ठरवा.