प्रतिसाद: रूढी आणि बायकांची जमीन

रूढी मोडल्याशिवाय बायकांना जमिनीवर हक्क मिळत नाही, असं म्हटलं जातं; हे विधान बोगनव्हिल बेटाला लावून बघा. पापुआ न्यू गिनीच्या या भागात बहुतेक ठिकाणी जमीन आईच्या कुळाकडून येते. पांगुनाच्या तांब्याच्या खाणीने नेमकी तीच रूढी मोडीत काढली. पुढे १९८९ साली खाण बंद पडली आणि यादवी पेटली ती १९९८पर्यंत. बोगनव्हिलच्या स्वायत्त सरकारच्या २०१५च्या खाण कायद्याने खनिजं रूढीने चालत आलेल्या जमीनमालकांची मानली; हे माझ्या मते मोठंच पाऊल. पण वाटाघाटीला बसतात बहुधा मामा आणि भाऊ! शिवाय खाणीचा गाळ साचलेली जाबा नदी कोण साफ करणार? खाणीची मुख्य मालक असलेल्या रिओ टिंटो कंपनीने तर २०१६ साली खाणीतले आपले शेअर्स देऊन टाकले.