यादी देतं, निदान नाही

'मशीनच निदान सांगणार, तर डॉक्टर कशाला?' असा प्रश्न विचारला जातो, त्यावर थोडी भर. लक्षणं टाकली की ही निदानाची सॉफ्टवेअरं संभाव्य आजारांची यादी देतात, बस्स. 'इसाबेल' हे त्यातलंच एक, हुकलेल्या निदानातून जन्मलेलं. १९९९ मध्ये इंग्लंडात तीन वर्षांच्या इसाबेलला कांजिण्यांनंतर जिवावर बेतणारा संसर्ग झाला, तो डॉक्टरांना वेळेत सुचला नाही. ती वाचली, वडिलांनी नोकरी सोडून हे उभारलं.

आता आपलं पुणं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम; यात बऱ्याचदा जुलाबासारख्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात) रुग्ण वाढले. 'पायातली ताकद गेली' एवढंच सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर यादी लांबलचक. आधी जुलाब झाले होते का, हे पेशंट आपणहून सांगत नाही, ते खोदून विचारावं लागतं. आणि ओपीडीत रांग लागलेली असताना हे सगळं टाइप कोण करणार?